उणे २.९२

“मॅडम, आमचं बहात्तरच आलं.”

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी, जतकडची, वसतिगृहात राहणारी. जर्नल उघडं धरून माझ्या टेबलाशी उभी होती आणि चेहरा पार उतरला होता. तिने आणि तिच्या जोडीदाराने तीन शनिवार हे अमाइन नावाचं रसायन तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. आणि शेवटी हाती आलेला शुद्धतेचा आकडा ७२.५ टक्के.

मी आधी तो आकडा वाचलाच नाही. वर, पेन्सिलीने लिहिलेली पोलॅरिमीटरची, म्हणजे प्रकाश किती अंशांनी फिरला ते मोजणाऱ्या उपकरणाची, पाच रीडिंग्ज वाचली. उणे २.८५, २.९०, २.९०, २.८५, २.९०. सरासरी उणे २.८८. एक डेसीमीटरची नळी, इथेनॉल, दहा मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम. बहात्तर टक्के शुद्ध मालाचं हे रीडिंग नव्हे, हे मला बघताक्षणी कळलं. मुलांनी काम चोख केलं होतं. चूक शेवटच्या ओळीत होती.

त्या शेवटच्या ओळीबद्दलच आज लिहायचं आहे. गेली कित्येक वर्षं मी हे प्रॅक्टिकल घेते आहे, आणि दर वर्षी कुणाचा ना कुणाचा पाय तिथेच अडकतो.

ज्यांचं रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलं त्यांच्यासाठी थोडं सांगते. देवघरातला शंख आठवा. नेहमीचा शंख एका अंगाला वळतो, दक्षिणावर्ती उलट अंगाला. वजन सारखं, आकार सारखा, पण एक दुसऱ्याच्या जागी चपखल बसणार नाही. आरशातच काय ते जुळतील. काही रेणूंचंही असंच असतं. दोन जुळी, एक डावं, एक उजवं. उत्कलनबिंदू एक, घनता एक, साध्या द्रावकातली विद्राव्यता एक. फरक दिसतो तो ध्रुवीभूत, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशात. एक जुळं प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवतं, दुसरं तेवढ्याच अंशांनी डावीकडे. उजवीकडचं अधिक, डावीकडचं उणे. निम्मं-निम्मं मिसळलं की बेरीज शून्य. एक जास्त असेल तर जेवढं जास्त तेवढंच फिरणं शिल्लक उरतं. ते शिल्लक फिरणं भागिले पूर्ण शुद्ध मालाचं फिरणं, गुणिले शंभर, म्हणजे ऑप्टिकल प्युरिटी. सूत्र एवढंच. पाठ करायला अर्धा मिनिट लागतो.

आमच्या प्रॅक्टिकलचं अमाइन म्हणजे एक-फेनिलइथिलअमाइन. बाटलीतून येतं तेव्हा डावं-उजवं निम्मं-निम्मं, पोलॅरिमीटरमध्ये शून्य. त्यात आपण टार्टारिक आम्ल घालतो. हे आम्ल निसर्गात एकाच हाताचं बनतं. आपल्या चिंचेत तेच, तासगावच्या द्राक्षात तेच. उजव्या हाताने समोरच्याचा उजवा हात धरला तर पकड वेगळी, डावा धरला तर वेगळी. तसं या आम्लाचं दोन जुळ्यांशी जमणारं नातं वेगवेगळं असतं, आणि दोन वेगळी सॉल्ट तयार होतात. मिथेनॉलमध्ये त्यातलं एक कमी विरघळतं आणि सावकाश खाली बसतं. ते आपल्याला हवं असलेलं, प्रकाश डावीकडे फिरवणारं, ‘एस’ अमाइनचं सॉल्ट.

सावकाश हा शब्द मी फळ्यावर लिहून ठेवते. घाईने गार केलं तर पांढऱ्या सुया येतात, कापसासारख्या, फ्लास्कभर. बघणाऱ्याला वाटतं, काय छान उतारा आला. पण सुयांमध्ये दुसरं जुळं अडकलेलं असतं. हवे असतात ते जाड, पारदर्शक, पैलू असलेले खडे. खडीसाखर कुटल्यावर परातीत उरतात तसे. या दोघांना पहिल्या शनिवारी सुयाच आल्या होत्या. मी काही न बोलता फ्लास्क परत वॉटर बाथवर ठेवायला लावला. जवळजवळ सगळं विरघळलं, तळाशी दोन-चार खडे तेवढे राहिले, मग टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. पुढच्या आठवड्यात कपाट उघडलं तेव्हा त्या मुलीने फ्लास्क उजेडाकडे धरला आणि काही क्षण तशीच उभी राहिली. तळाशी खडे चमकत होते. नऊ ग्रॅम भरले. निम्मे तिने वेगळे काढून ठेवले, “लागले तर” म्हणाली. ही सवय मला फार आवडली.

उरलेल्या निम्म्यात कॉस्टिक घालून अमाइन मोकळं केलं, डीसीएममध्ये, म्हणजे डायक्लोरोमिथेन या द्रावकात, ओढलं, सोडियम सल्फेटवर सुकवलं, डीसीएम उडवून दिलं. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे डीसीएमचा अंशही मागे राहता कामा नये. वजनकाट्याला अमाइन आणि डीसीएम यातला फरक कळत नाही. तीन टक्के डीसीएम राहिलं तर रीडिंग तीन टक्क्यांनी उतरणार, आणि आपण दोष देणार बिचाऱ्या स्फटिकांना. दुसरं, बाटलीचं बूच. हे अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं, बाटलीच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. तो थर वजनात आला की हिशेब गेला.

मग एक ग्रॅम तोलून दहा मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये, खुणेपर्यंत इथेनॉल.

आमच्याकडचा पोलॅरिमीटर जुना आहे, हाफ-शेडचा. सोडियमचा दिवा लावल्यावर आधी गुलाबी पेटतो, मग हळूहळू पिवळा होतो, ५८९ नॅनोमीटरचा तो ओळखीचा पिवळा. पूर्ण पिवळा झाल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही. नळी भरताना द्रावण काठाच्या वर फुगेपर्यंत ओतायचं आणि काचेची चकती बाजूने सरकवत बसवायची, म्हणजे हवा राहत नाही. तरी बुडबुडा राहिलाच तर नळी तिरकी करून तो मधल्या फुगवट्यात चढवायचा, प्रकाशाच्या वाटेतून बाजूला. आणि टोपण बेताने आवळायचं. मुलं गळतीच्या भीतीने करकचून आवळतात; मग काचेवर ताण येतो आणि ताणलेली काचही प्रकाशाशी खेळते. इथेनॉलसुद्धा थोडं फिरल्यासारखं दिसायला लागतं.

दुर्बिणीत डोळा लावला की एक वर्तुळ दिसतं, मधोमध दुभागलेलं. एक अर्ध उजळ, एक अंधारं. स्क्रू फिरवत जायचं. अंधारं उजळत येतं, उजळ विझत येतं, आणि एका जागी दोन्ही सारखी मंद होतात, मधली रेघ पुसून जाते. तिथून केसभर हलवलं तरी रेघ परत येते. ती जागा म्हणजे रीडिंग. व्हर्नियर, म्हणजे बारीक वाचायची मोजपट्टी, ०.०५ अंशाचा. म्हणून एकदा वाचून भागत नाही. दर वेळी स्क्रू हलवून नव्याने शोधायचं, पाच वेळा.

हे पिवळं वर्तुळ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सात वर्षांची होते. बाबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. गळीत हंगामात बाबांची रात्रपाळी असली की आई माझ्या हाती डबा देऊन पाठवायची. लॅबमध्ये मळीचा गोडसर आंबूस वास, आणि काळ्या पडद्यामागे तो दिवा. बाबा मला स्टुलावर उभं करायचे आणि म्हणायचे, “दोन्ही भाकऱ्या सारख्या भाजल्या की सांग.” मी सांगायचे, ते आकडा लिहायचे. आज कळतं की ते स्वतः परत बघत असणार.

साखरेच्या लॅबमध्ये या रीडिंगला ‘पोल’ म्हणतात. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण, २०० मिलिमीटरची नळी, २० अंश तापमान, की साखरेच्या स्केलवर बरोब्बर १००. साध्या अंशांत ३४.६. ही मोजमापं ठरवूनच घेतली आहेत, म्हणजे भागाकारच करावा लागू नये. काटा थेट टक्के दाखवतो. पण बाबा म्हणायचे, पोल म्हणजे साखर नव्हे. तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडलेला ऊस आला की रसातली साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. साखर अधिक ६६.५ ने फिरवते, ग्लुकोज अधिक ५२.७ ने, आणि फ्रुक्टोज जवळजवळ उणे ९२ ने. दोन्ही सारखी मिळून उणे विसाच्या आसपास. म्हणजे साखर फुटली की ती नुसती कमी होत नाही, उलटी खेचायला लागते. या उलटण्यावरूनच त्या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. नळीतून येतो तो आतल्या सगळ्यांचा मिळून एक आकडा, आणि एका आकड्यात कोण किती ते वेगळं सांगता येत नाही. आमच्या प्रॅक्टिकललाही हे तंतोतंत लागू आहे. कॉस्टिक कमी पडलं आणि टार्टारिक आम्ल अमाइनबरोबर आलं, तर तेही नळीत बसून आपल्या बाजूला ओढणार.

आता त्या बहात्तरकडे येते.

मी मुलीला विचारलं, “शून्य रीडिंग घेतलंस?” घेतलं होतं, आणि वजाही केलं होतं. नुसतं इथेनॉल भरून पाच रीडिंग्ज, सरासरी अधिक ०.०४. म्हणजे खरं फिरणं उणे २.८८ वजा ०.०४, उणे २.९२. या एवढ्याशा ०.०४ ने शेवटच्या उत्तरात टक्काभराहून जास्त फरक पडतो.

मग स्पेसिफिक रोटेशन. रीडिंगला नळीच्या डेसीमीटरमधल्या लांबीने आणि एका मिलिलिटरमधल्या ग्रॅमने भागायचं. उणे २.९२ भागिले १, भागिले ०.१०. उणे २९.२. इथपर्यंत ठीक. आणि मग तिने पुस्तकातला शुद्ध अमाइनचा आकडा घेतला होता, उणे ४०.३.

“हा आकडा कशातला आहे?”

तिने पुस्तक परत उघडलं. बोट ठेवून वाचलं. द्रावकाच्या जागी ‘नीट’ लिहिलं होतं. म्हणजे द्रावकच नाही. निव्वळ अमाइन नळीत भरून घेतलेलं रीडिंग, संहतीच्या जागी घनता धरून.

हेच अमाइन इथेनॉलमध्ये दहा टक्के केलं की शुद्ध असूनही उणे ३० च्या आसपासच फिरवतं. रेणू तेच, त्यांची संगत बदलली. निव्वळ अमाइनमध्ये प्रत्येक रेणूभोवती त्याचेच भाऊबंद. इथेनॉलमध्ये नायट्रोजनला इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधाने धरून बसतात, आणि फिरवण्याची ताकद त्या संगतीवर ठरते. मॅलिक आम्लाचं तर याहून टोकाचं: पाण्यातलं पातळ द्रावण डावीकडे फिरवतं, घट्ट केलं की उजवीकडे. चिन्हच बदलतं. म्हणून स्पेसिफिक रोटेशनचा आकडा एकटा लिहिला तर त्याला काही किंमत नाही. कुठला प्रकाश, किती तापमान, कुठलं द्रावक, किती संहती, हे चारही त्याच्यासोबत हवेत.

उणे २९.२ भागिले उणे ४०.३ म्हणजे आंबे मोजले डझनावर आणि दर लावला किलोचा.

मग मी कपाटातून छोटी बाटली काढली. विकत आणलेलं शुद्ध एस अमाइन, पाच मिलिलिटर, महागाचं, म्हणून कुलपात. म्हटलं, पुस्तकातला आकडा नकोच. हे एक ग्रॅम घे, त्याच फ्लास्कमध्ये, त्याच इथेनॉलमध्ये, त्याच नळीत, आत्ता. मार्चचा दुसरा शनिवार, लॅबमध्ये ३१ अंश. पुस्तकातलं वीस अंश आम्ही आणायचं कुठून? शेजारी-शेजारी मोजलं की नळीची लांबी पाव मिलिमीटरने कमी असो, दिव्याचं वय झालेलं असो, खोली तापलेली असो, सगळं दोन्हीकडे सारखं येतं आणि भागाकारात कटून जातं.

पाच रीडिंग्ज. सरासरी उणे २.९६, शून्य वजा करून उणे ३.००.

२.९२ भागिले ३.००. तिने कॅल्क्युलेटरवर केलं आणि माझ्याकडे न बघता आधी जोडीदाराकडे बघितलं. ९७.३.

जर्नलमध्ये ती ९७.३३३ लिहायला लागली तेव्हा मी हात धरला. व्हर्नियर ०.०५ चा आहे. तीन अंशांच्या रीडिंगमध्ये ०.०५ म्हणजे जवळपास पावणेदोन टक्के. पाच वेळा वाचून तो थोडा आकसतो, नाहीसा होत नाही. ९७ लिही, पुढे काही नको. आणि ९७ टक्के ऑप्टिकल प्युरिटी म्हणजे ९७ टक्के एस अमाइन नव्हे, ही दुसरी नेहमीची गफलत. ९७ हे आधिक्य आहे. उरलेले ३ निम्मे-निम्मे, एकमेकांना शून्य करून बसलेले. म्हणजे एस ९८.५ आणि आर १.५.

हा निम्म्याचा हिशेब मी पुस्तकात शिकले, पण तो अंगात मुरला तो नोकरीत. शिकवायला लागण्याआधी मी कोकणातल्या एका एमआयडीसीत बल्क ड्रगच्या क्वालिटी कंट्रोलला होते. तिथे स्पेसिफिक रोटेशनला सगळे ‘एसओआर’ म्हणतात. नॅप्रोक्सेन या वेदनाशामकासाठी आम्ही अमेरिकन फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथातली, मर्यादा वापरायचो: क्लोरोफॉर्ममध्ये अधिक ६३.० ते अधिक ६८.५. एक लॉट ६३.४ ला बसला. मर्यादेत आहे, पास. सही माझी. महिन्याभराने घेणाऱ्याकडून तक्रार आली. त्यांनी डावं-उजवं वेगळं करून मोजणाऱ्या कायरल कॉलमवर एचपीएलसी केलं होतं आणि दुसरं जुळं दोन टक्के निघालं होतं. त्या रात्री मी कागदावर उलटा हिशेब केला. शुद्ध मालाचं ६६ धरलं, दोन टक्के चुकीचं जुळं म्हणजे आधिक्य ९६, आणि ६६ चे ९६ टक्के म्हणजे ६३.४. माझं रीडिंग अचूक होतं. मर्यादाच एवढी रुंद होती की दोन टक्के चुकीचा माल तिच्यातून सहज आत येत होता. त्यात क्लोरोफॉर्मचं द्रावण एक टक्क्याचं, नळीत दिसणार ०.६६ अंश, उपकरण अंशाचा शंभरावा भाग अचूक वाचत असलं तरी दीड टक्क्याची धाकधूक राहतेच. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पोलॅरिमीटर माल ओळखायला उत्तम, गफलत झाली का ते पकडायला उत्तम, पण दोन टक्क्यांची भेसळ शोधायचं काम त्याच्यावर टाकू नये. ते कायरल कॉलमचं काम.

आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगते, परीक्षेत येत नसली तरी. हा सगळा हिशेब आधिक्य आणि फिरणं सरळ रेषेत चालतात यावर उभा आहे. १९६९ मध्ये होरो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की नेहमी तसं नसतं. त्याने घेतलेलं आम्ल मिथिल-इथिल-सक्सिनिक. क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात त्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. डाव्या-डाव्याची जोडी वेगळी, डाव्या-उजव्याची वेगळी, आणि फिरणं रेषेवरून ढळतं. म्हणून हल्ली ‘ऑप्टिकल प्युरिटी’ आणि ‘ईई’ (एनान्शिओमेरिक एक्सेस, एका जुळ्याचं आधिक्य) हे दोन शब्द जाणकार एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. पहिलं प्रकाशाने मोजलेलं, दुसरं रेणू मोजून काढलेलं. बहुतेक वेळा जुळतात.

त्या दोघांनी त्या दिवशी जर्नलमध्ये पूर्ण ओळ लिहिली: सोडियम डी रेषा, ३१ अंश, इथेनॉल, १०० मिलिलिटरला १० ग्रॅम, एक डेसीमीटर, उणे २९.२. मग मुलीला बाजूला ठेवलेलं निम्मं सॉल्ट आठवलं. “मॅडम, अजून एकदा स्फटिक केले तर नव्व्याण्णव होईल?”

होऊ दे म्हटलं. पुढचा शनिवार परीक्षेच्या तयारीचा होता, तरी दोघं आली. खडे या वेळी आणखी मोठे, कडा स्वच्छ. शून्य परत घेतलं, तेच आलं. अमाइनची पाच रीडिंग्ज: उणे २.९०, २.९०, २.९५, २.९०, २.९०. शून्य वजा करून उणे २.९५. भागिले ३.००, अठ्ठ्याण्णव.

“वाढलं!” जोडीदार म्हणाला.

ती व्हर्नियरकडे बघत राहिली. २.९२ आणि २.९५. मधलं अंतर ०.०३, आणि व्हर्नियरचं एक घर ०.०५. तिने पेन उचललं आणि दुसऱ्या रीडिंगखाली लिहिलं: स्फटिक दिसायला जास्त चांगले, प्युरिटीतला फरक या उपकरणावर वाचता येत नाही. मग बाटलीचं बूच घट्ट बसवलं आणि त्यावर तारीख टाकली, विद्यापीठाच्या कायरल कॉलमवर पाठवायला.